अठ्ठावीस इंच, आणि पुढची पोकळी

लेथ थांबवून मी हात पुसत होतो,
तेवढ्यात दोघांचं भांडण दारातून आत आलं.
फान टेरब्लांशच्या काखेत वही,
हेस्टरच्या हातात रायफल,
ओली छत्री धरावी तशी अंगापासून दूर.

"बत्तीस," फान म्हणाला.
राम राम नाही, हवापाणी नाही.
वहीत रकाने : बॅरलच्या एका इंचामागे गोळीला
सेकंदाला वीस-बावीस फूट जादा वेग,
नऊशे मीटरपर्यंत तेवढाच वारा कमी लागतो तिला.
गणित बरोबर होतं. फानचं नेहमीच असतं.
तीस वर्षं त्याने फ्री स्टेटमधल्या शेतांच्या हद्दी मोजल्या,
आणि दोन्हीकडच्या एकाही शेजाऱ्याने
त्याला कधी जेवायला बोलावलं नाही.

मी म्हटलं, लांबी वाढवलीस की जाडी घटवावी लागेल,
नाहीतर काट्यावर साडेसहा किलोच्या पुढे जाशील.
आणि बारीक पोलाद बार उडताना वेतासारखं थरथरतं.
शिवाय दारू बहुतेक पहिल्या दोन वितींतच जळते.
पुढचा प्रत्येक इंच
मागच्यापेक्षा हात आखडून देतो.

फानने हे लिहून घेतलं. खोडलं. परत लिहिलं.

हेस्टर तोवर कॉफीत रस्क बुडवत होती.
"वेगाचं मला काय करायचंय," ती म्हणाली,
"मला माशीच दिसत नाही."

सत्तरी ओलांडल्यापासून असं होतं तिचं.
माशीचं कडं धूसर, त्यातला काळा ठिपका
पाण्यात शाई सांडावी तसा पसरलेला.
दूरचं अजून लख्ख :
धरणापलीकडचा पवनपंप, त्याचं मोडकं पातं,
रेंजवरचे झेंडे, आणि झेंड्यांखाली
वाळक्या गवतावरून वाहणारं मृगजळ.
ते कुठे कललं हे ती झेंडा हलायच्या आधी सांगते.
जवळचंच निसटत चाललंय :
सुईचं नेढं, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं,
फानचं तोंड.

"तेव्हा माशी पुढे न्या. मला दिसेल तिथे."

माझी आई थाबा न्चूला
पत्रं हात लांब करून वाचायची.
हात पुरेनासे झाले तेव्हा
मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करायची पत्र धरून,
आणि मी हललो की ओरडायची.

जुनी बॅरल तीस इंची. नळी अजून सरळ,
घसा मात्र अडीच हजार फैरींनी करपलेला.
म्हटलं, मागून दोन इंच कापतो, कोठी नव्याने कोरतो.
"कापतोस?" फान जवळजवळ किंचाळला.
"आम्ही वाढवायला आलो होतो!"

मग फळीवरून अॅल्युमिनियमची नळी काढली,
सहा इंचांची, आतून ऐसपैस,
बॅरलच्या तोंडावर टोपीसारखी बसणारी.
माशी तिच्या टोकावर.
हेस्टरने तिच्यात करंगळी घातली.
"गोळी इथे कशाला टेकते?"
कशालाच नाही. ती सुटलेली असते,
अजून उन्हात आलेली नसते, इतकंच.

फानने पेन्सिल ओली केली :
"या पोकळीचे वेगळे पैसे?"
पोकळी फुकट, मी म्हटलं. कडेचे घेतो.

शनिवारी ती अकरावी आली.
दुपारनंतर वारा फिरला आणि दोनदा ती फसली.
संध्याकाळी फोन आला, आवाज खुशीत :
"माशी दिसते रे, लेफा.
आता चुकलं की कळतं, कोण चुकलं ते."

कापलेले दोन इंच फान घेऊन गेलाय.
वहीत ते कुठल्या रकान्यात मांडलेत,
विचारायचं राहून गेलं.